१९५५ च्या आसपासचं फॅशन स्केच: घेरदार ड्रेसमधली स्त्री शाई आणि वॉशमध्ये कशी काढायची

हे चित्र बहुतेकांचं शाईची बाटली उघडण्याआधीच फसलेलं असतं. सुरुवात चेहऱ्यापासून होते, मग मान, मग खांदे. कमरेखाली येईतो कागद संपत आलेला असतो, पाय आखूड पडतात आणि पावलं खालच्या कडेला कशीबशी कोंबली जातात. दुसरा प्रकार म्हणजे आजच्या फॅशन डिझाइनच्या वर्गातली, उंची डोक्याच्या दहापट असलेली ताणलेली आकृती घ्यायची आणि तिच्यावर जुना ड्रेस चढवायचा. ड्रेस १९५५ चा आणि बाई आजच्या रॅम्पवरची, असं काहीतरी विचित्र होतं. तिसरी चूक सगळ्यात जास्त दिसते: रेखाटन छान जमल्यावर सगळीकडे सारखं शेडिंग भरायचं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांनी हाताला लावलेली ही सवय इथे मुळावर येते, कारण या शैलीत जवळपास अर्धा ड्रेस कोऱ्या कागदानेच दाखवलेला असतो.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे: होडीगळा, थ्री-फोर्थ बाही, अंगाबरोबरचा वरचा भाग, कमरेला शिवण आणि अरुंद पट्टा, खाली पूर्ण गोल घेर, आत जाळीचा पेटीकोट, आखूड हातमोजे, रुंद कडेची हॅट. काम दोन बैठकींत करा. पहिल्या बैठकीत पेन्सिल, दुसरीत वॉश (पाण्यात पातळ केलेल्या शाईचा थर) आणि शाई. एका बैठकीत उरकायला गेलात तर दमलेल्या हाताने शाईची रेघ ओढावी लागते, आणि ती तशीच दिसते.

## आधी ठरवायचं: साल, कापड, उजेड

साल. ‘फिफ्टीज’ म्हणून एकच आकार नव्हता. फॅशन डिझायनर ख्रिश्चन डिओरने १२ फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसमध्ये दाखवलेल्या कलेक्शनमध्ये उतरते खांदे, आवळलेली कंबर आणि पोटरीपर्यंत येणारा घेर होता. १९५५ च्या वसंतात त्याचीच ‘ए’ लाइन आली, ज्यात कपडा खांद्यापासून खाली पसरत जातो आणि कमरेवरचा भर कमी होतो. १९५७ च्या, बॅलेन्सियागा या डिझायनरच्या ‘सॅक’ ड्रेसमध्ये तर कंबर दिसतच नाही. त्यामुळे आधी आकार ठरवा. आपल्या उदाहरणात आवळलेली कंबर आणि पोटरीच्या मध्यावर येणारी खालची कड आहे. त्याला शोभतील अशा गोष्टी: बारीक उंच टाच, कानाच्या मागे वळवलेले किंवा मानेवर बांधलेले केस. डोक्यावर उंच फुगवलेला ‘बीहाइव्ह’ अंबाडा नको, तो १९६० चा आहे.

संदर्भ. दुसऱ्याचं इलस्ट्रेशन बघून इलस्ट्रेशन काढलं की त्याच्या चुकाही उतरतात. खऱ्या कपड्याचे फोटो बघा. डिओरचा १९४७ चा ‘बार’ सूट लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, आणि दोन्हींच्या ऑनलाइन संग्रहात त्याचे फोटो दिसतात. त्या जॅकेटचा हिपवरचा भाग आतून गादी भरून फुगवलेला आहे. कंबर इतकी बारीक दिसते ती त्या फुगीमुळे. चित्रातही तेच करायचं: कंबर अशक्य बारीक करत बसू नका, तिच्याखालचा भाग रुंद करा.

कापड. इथे टॅफेटा धरला आहे. तो कडक असतो, त्याच्या घड्या टोकदार पडतात आणि उजेड-सावलीची सीमा स्पष्ट असते. शिकायला हे कापड सोपं.

उजेड. एकाच बाजूने, डावीकडून वरून. उजव्या हाताने काढणाऱ्याला सावलीची जाड रेघ उजवीकडे ओढणं सोयीचं पडतं. डावखुरे असाल तर सगळं उलटं करा.

## साहित्य

- कच्च्या रेखाटनासाठी ए-थ्री आकाराचा साधा कागद, दोन-तीन ताव.
- ए-थ्री ट्रेसिंग पेपर.
- अंतिम चित्रासाठी ३०० जीएसएमचा हॉट-प्रेस, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाचा वॉटरकलर कागद. साधा कार्ट्रिज कागद वॉशच्या पाण्याने लाटांसारखा फुगतो आणि रंग खळग्यात साचतो.
- एचबी आणि २बी पेन्सिल, मळता येणारं खोडरबर.
- वॉटरप्रूफ काळी ड्रॉइंग इंक. फाउंटन पेनची शाई चालणार नाही. ती वाळल्यावरही पाण्याने पसरते.
- गोल ब्रश: २, ६ आणि १२ नंबर. दुकानात ६ नंबरचा ब्रश पाण्यात बुडवून झटका. टोक आपोआप एकवटलं तर घ्या, दोन फाटे फुटले तर परत ठेवा.
- लाल पोस्टर कलर.
- तीन पांढऱ्या वाट्या, जुनं सुती फडकं, मास्किंग टेप, ड्रॉइंग बोर्ड.
- डिस्टिल्ड वॉटर. बोअरवेलच्या जड पाण्यात ही शाई कधीकधी फाटते आणि वॉशमध्ये काळे कण दिसतात. पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळणारं पाणी पुरतं.

## टप्पा १: कागदावर मोजपट्टी

ए-थ्री कागद २९.७ बाय ४२ सेंटीमीटरचा असतो. तो उभा धरा. वर आणि खाली ४-४ सेंमी सोडले की आकृतीला ३४ सेंमी उरतात. डोक्याची उंची ४ सेंमी धरली तर आकृतीची उंची बरोबर साडेआठ डोक्यांइतकी होते. या काळाच्या चित्रांना हे माप शोभतं. नऊच्या वर गेलात की आकृती आजची दिसू लागते.

कागदाच्या डाव्या कडेपासून १३.५ सेंमीवर एक उभी रेघ फिकट मारा. मध्यापासून ती थोडी डावीकडे आहे, कारण चेहरा उजवीकडे वळलेला असणार आणि नजरेच्या पुढे जागा मोकळी हवी. या रेघेवर माथ्यापासून खाली खुणा करा:

1. ० सेंमी: माथा (केस आणि हॅट याच्याही वर)
2. ४ सेंमी: हनुवटी
3. ६ सेंमी: खांद्याची रेषा
4. ८ सेंमी: छातीची रेषा
5. १२ सेंमी: कंबर, आणि कोपरही इथेच
6. १६ सेंमी: हिपचा सर्वांत रुंद भाग, मनगट याच्या किंचित खाली
7. २४ सेंमी: गुडघे
8. २८ सेंमी: ड्रेसची खालची कड
9. ३२ सेंमी: घोटे
10. ३४ सेंमी: पावलाचं टोक

रुंदी: डोकं २.७, खांदे ५.५, कंबर २.७, हिप ५ सेंमी. कंबर डोक्याइतकीच रुंद, हे लक्षात ठेवलं की पुन्हा मोजावं लागत नाही. कंबर २ सेंमीवर नेली तर वरचा आणि खालचा भाग दोन वेगवेगळ्या चित्रांतून आणल्यासारखे दिसतात.

तपासणी: कड २८ सेंमीवर म्हणजे जमिनीपासून ६ सेंमी वर. १६५ सेंमी उंचीच्या स्त्रीवर ती जमिनीपासून साधारण २९ सेंमी उंचीवर येते. त्या काळाच्या लांबीशी हे जुळतं. कड गुडघ्यावर आली असेल तर खूण चुकली आहे.

## टप्पा २: ती उभी कशी आहे

चेहरा, केस, बोटं यातलं काहीही अजून काढायचं नाही. डोक्यासाठी अंडाकृती, छातीचा एक ठोकळा, कटीचा एक ठोकळा आणि हातापायांच्या नुसत्या रेघा.

1. गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडल्यासारखी रेघ सरळ खाली आणा. ज्या पायावर भार आहे त्याची टाच या रेघेवरच पडली पाहिजे. आपल्याकडे भार चित्रातल्या डाव्या पायावर आहे.
2. भार असलेल्या बाजूचा हिप वर जातो, त्याच बाजूचा खांदा खाली येतो. दोन्ही तिरक्या रेषा विरुद्ध दिशांना झुकतात. तिरकेपणा थोडाच ठेवा, ५ सेंमीच्या हिपवर ४-५ मिलिमीटरचा फरक पुरे.
3. कटी किंचित पुढे, खांदे मागे आणि खाली, मान लांब. या काळाची उभं राहण्याची ढब इथेच येते. छाती पुढे काढून ताठ उभी केलीत तर कवायतीतली मुलगी होते.
4. मोकळा पाय थोडा पुढे, त्याची टाच भाराच्या पावलाच्या मध्याजवळ, बोटं बाहेर वळलेली.
5. एक हात कमरेवर, दुसरा खाली सैल. कमरेवरचा हात आणि धड यांच्यामध्ये मोकळी जागा स्पष्ट दिसली पाहिजे. ती बुजली की कंबर हरवते.

सावध: घेराखाली पाय झाकले जाणार म्हणून ते न काढता पुढे जाऊ नका. दोन्ही पाय कमरेपासून पावलांपर्यंत काढा. नाहीतर कडेखालून बाहेर आलेल्या पोटऱ्या कुठल्या मांड्यांना जोडलेल्या आहेत हे कळत नाही, आणि पाहणाऱ्याला ते नेमकं खटकतं.

तपासणी: मोबाइलवर फोटो काढून आरशासारखा उलटा करा. आकृती एका बाजूला कलंडलेली वाटली तर टाच ओळंब्यावर नाही.

## टप्पा ३: ड्रेसचा वरचा भाग

शिंपी ज्या क्रमाने विचार करतो तोच क्रम इथे ठेवा: आधी मध्यरेषा, मग शिवणी, मग कडा.

गळ्याच्या खळगीपासून कमरेपर्यंत पुढची मध्यरेषा काढा. धड थोडं उजवीकडे वळलं असेल तर ही रेषाही उजवीकडे सरकते आणि छातीवर बाहेर वळते. गळा, टक्स (कापड अंगाला बसवायला शिवलेल्या निमुळत्या घड्या), पट्ट्याचं बक्कल, सगळं या रेषेच्या हिशेबाने बसतं.

नजरेची पातळी कमरेवर धरा. मग पट्टा जवळजवळ सरळ दिसेल, गळ्याची कड वरच्या दिशेने कमान करेल आणि स्कर्टची कड खालच्या दिशेने. होडीगळा एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत उथळ जातो. तो सरळ रेघेसारखा काढला तर धड पुठ्ठ्याचं होतं.

कमरेपासून छातीकडे जाणारे दोन टक्स फिकट दाखवा. ते छातीच्या टोकापर्यंत पोचत नाहीत, थोडे अलीकडे संपतात. थ्री-फोर्थ बाही कोपराच्या खाली, कोपर आणि मनगटाच्या मध्यावर थांबते. वाकलेल्या कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन ताणाच्या घड्या, बाहेरच्या बाजूला एकही नाही. वरच्या भागात घड्या फक्त तीन जागी असतात: कोपर, काख आणि पट्ट्याच्या लगेच वर. बाकी कापड अंगावर ताणलेलं आहे, तिथे घडी काढली तर ड्रेस सैल शिवल्यासारखा दिसतो.

## टप्पा ४: घेर

चित्र उभं राहतं किंवा पडतं ते इथे, म्हणून या टप्प्याला घाई नको.

पहिला प्रश्न: घेर कशाने आलाय? गोल कापलेल्या स्कर्टला कमरेशी चुण्या नसतात. कापड हिपवरून सपाट उतरतं आणि घड्या खाली उघडतात. चुण्या घातलेल्या स्कर्टला कमरेशीच फुगी येते आणि पट्ट्याखाली बारीक रेघांची गर्दी दिसते. कळ्यांच्या स्कर्टमध्ये शिवणी कमरेपासून कडेपर्यंत दिसतात आणि घड्या त्या शिवणींच्या मध्ये पडतात. गोल घेर ठरवून पट्ट्याखाली चुण्यांच्या रेघा मारणं ही इतकी सर्रास होणारी चूक आहे की शिवणकाम येणाऱ्या माणसाला ती पहिल्या नजरेत दिसते.

आता क्रम:

1. कमरेपासून कडेपर्यंत स्कर्ट १६ सेंमी लांब. कडेची रुंदी १७ सेंमी. भाराचा हिप डावीकडे असल्यामुळे कापड उजवीकडे जास्त झुलतं, म्हणून उजवी बाजू दीड सेंमी जास्त बाहेर न्या.
2. बाजूच्या रेघा कमरेतून सरळ खाली आणू नका. आधी हिपवरून बाहेर वळण, १४.५ सेंमीच्या खुणेपर्यंत, मग लांब आणि जवळजवळ सरळ उतार. आत जाळीचा पेटीकोट आहे, त्यामुळे शेवटच्या तिसऱ्या भागात रेघ पुन्हा किंचित बाहेर फुगते. सरळ रेघा ओढल्या की त्रिकोण होतो.
3. कडेची फिकट लंबवर्तुळाकार रेघ काढा. १७ सेंमी रुंदीला पुढचा भाग टोकांपेक्षा साधारण दीड सेंमी खाली येतो. चार सेंमी खाली आणला तर आपण तिच्याकडे गच्चीवरून पाहतोय असं वाटतं.
4. वर उचललेल्या हिपमुळे कडही त्याच दिशेने तिरकी होते, पण कमरेच्या निम्मीच.
5. घड्या पाच: दोन मोठ्या, दोन मध्यम, एक लहान. प्रत्येक घडी वर अरुंद आणि खाली रुंद, निमुळत्या नळीसारखी. सुरुवात हिपच्या जवळपास, पण वेगवेगळ्या उंचीवर. सगळ्या एकाच रेषेतून निघाल्या तर छत्री होते.
6. आता कड नागमोडी करा. पुढे आलेला घडीचा भाग लंबवर्तुळाच्या रेघेला टेकतो, मागे गेलेला भाग ४-५ मिलिमीटर वर सरकतो.
7. पुढे आलेल्या गुडघ्यावर कापड टेकतं. तिथून एक घडी निघते आणि थेट कडेपर्यंत जाते. ही एकच घडी आतला पाय सांगते. पाय आधी का काढायचे ते इथे कळतं.

सावध: नजरेची पातळी कमरेवर आहे, म्हणजे कड आपल्या नजरेच्या खाली आहे. स्कर्टची आतली बाजू दिसणार नाही. मागच्या कडेची कमान किंवा आतलं अस्तर दाखवलं तर चित्रात दोन वेगळ्या उंचीवरून पाहिल्यासारखं होतं. आतली जाळी दाखवायचीच असेल तर एका घडीशी कड किंचित उचलून खाली अर्धा सेंमी जाळी डोकावू द्या.

एक बारकावा, जमल्यास: गोल कापलेल्या स्कर्टमध्ये काही भागात कापडाचा धागा उभा पडतो आणि काही भागात उरेब, म्हणजे तिरका. उरेब भागात कापड ओघळतं, तिथल्या घड्या खोल आणि मऊ असतात. उभ्या धाग्याचा भाग ताठ राहतो. मोठ्या घड्या समोरच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना तिरक्या दिशेला ठेवल्या की हे आपोआप साधतं.

## टप्पा ५: निवड आणि उतरवणं

कच्च्या रेखाटनावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि फक्त अंतिम चित्रात हव्या असलेल्या रेघा उचला. निम्म्याहून जास्त रेघा मागे राहिल्या पाहिजेत. पाच घड्यांपैकी तीनच घ्या, डाव्या बाजूच्या उजेडातल्या दोन सोडा. टक्सपैकी सावलीतला एक पुरे.

ट्रेसिंग पेपरची मागची बाजू २बी पेन्सिलने घासा, जादा भुकटी फडक्याने पुसा, कागद अंतिम कागदावर टेपने बसवा आणि टोकदार एचबीने रेघा गिरवा. ३०० जीएसएमचा कागद खिडकीच्या काचेवर धरून नीट दिसत नाही, त्यामुळे तो मार्ग सोडा.

सावध: टायपिंगचा कार्बन पेपर वापरू नका. त्याची मेणचट रेघ खोडली जात नाही आणि वॉशचं पाणी तिच्यावरून निसटतं.

उतरवलेली रेघ मळत्या रबराने दाबून फिकी करा, जेमतेम दिसेल इतकी. मग कागद चारही बाजूंनी टेपने बोर्डला चिकटवा.

## टप्पा ६: वॉश

या चित्रात रंग आधी आणि रेघ नंतर. उलट केलं तर वॉश रेघेच्या आत भरण्याचा मोह होतो आणि रंगवायच्या पुस्तकातल्या चित्रासारखं दिसतं. रंग रेघेपासून इथे-तिथे २-३ मिलिमीटर सुटलेला असणं हाच या शैलीचा मोकळेपणा आहे.

तीन वाट्यांत १०-१० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी घ्या. पहिल्या वाटीत शाईचे २ थेंब, दुसरीत ६, तिसरीत २०. त्याच कागदाच्या तुकड्यावर तिन्ही लावून पूर्ण वाळू द्या. वॉश वाळल्यावर फिका होतो, ओला असताना अंदाज करू नका. शाई कमी-जास्त दाट असते, त्याप्रमाणे थेंब बदला.

1. बोर्डच्या वरच्या कडेखाली एक जाड पुस्तक ठेवा, उतार हवा.
2. १२ नंबरचा ब्रश फिकट वॉशने पूर्ण भरा. पट्ट्याच्या उजव्या टोकापासून सुरू करून स्कर्टच्या उजव्या दोन-तृतीयांश भागावर वरून खाली या. प्रत्येक फटकाऱ्याच्या खाली पाण्याचा थेंब साचलेला राहिला पाहिजे, पुढचा फटकारा तोच थेंब खाली ओढतो. डावा एक-तृतीयांश कोरा.
3. कडेशी पोचल्यावर साचलेलं पाणी फडक्याने कोरड्या केलेल्या ब्रशने उचला. तसंच सोडलं तर ते मागे शिरून फुलकोबीसारखा डाग पाडतं.
4. पूर्ण वाळू द्या. बोटाची मागची बाजू लावून थंड लागलं तर आत अजून ओल आहे. पावसाळ्यात हेअर ड्रायर लावा, पण हातभर लांबून.
5. मध्यम वॉशने घड्यांच्या सावलीच्या बाजू. टॅफेटासाठी कडा धारदार ठेवा, पाण्याने विरघळवू नका.
6. गडद वॉश फक्त चार जागी: काखेखाली, पट्ट्याच्या लगेच खाली उजवीकडे, सर्वांत खोल घडीत, आणि हॅटच्या कडेखाली.

तपासणी: डोळे किलकिले करून दोन-तीन मीटरवरून बघा. रेघा नसतानाही स्कर्ट गोल वाटला पाहिजे. वाटत नसेल तर कुठेतरी कोरा भाग भरला गेला आहे. वाळलेला वॉश पुसता येत नाही, नवीन कागदावर पुन्हा लावणंच लवकर होतं.

## टप्पा ७: शाईची रेघ

वॉश पूर्ण वाळला आहे याची खात्री करून घ्या, ओलसर कागदावर शाई फुटते. ६ नंबरचा ब्रश, शाई पाणी न घालता. ब्रश केसांजवळच्या धातूच्या पत्र्यापासून ५-६ सेंमी वर धरा, मनगट कागदावर न टेकवता हात खांद्यापासून हलवा. रद्दी कागदावर दहा-पंधरा लांब रेघा ओढून हात मोकळा करा. प्रत्येक महत्त्वाची रेघ आधी कागदाच्या किंचित वर हवेत दोनदा ओढून पाहा, मग ओढा.

क्रम असा ठेवा:

1. स्कर्टची उजवी बाजू. सर्वांत लांब आणि सर्वांत जाड. कमरेशी टोकाने सुरुवात, हिपवर ब्रश दाबा, मध्ये थोडा सैल, कडेजवळ पुन्हा दाब. एक-दोन सेकंदांत संपली पाहिजे. हळू ओढलेली रेघ थरथरते.
2. कडेची नागमोडी रेघ, तीन-चार तुकड्यांत. उजेडात येणाऱ्या भागात तुटू द्या.
3. निवडलेल्या तीन घड्या, खालून वर. ब्रश वर उचलत गेल्याने टोक आपोआप निमुळतं होतं. वरून खाली ओढल्या तर शाईचा थेंब वरच्या टोकाला बसतो.
4. स्कर्टची डावी बाजू: बारीक, आणि मध्ये ४-५ सेंमी अजिबात नाही.
5. धड, बाह्या, गळा.
6. हात, पाय, हॅट.

लांब रेघ आधी घेण्याचं कारण साधं आहे. ती बिघडली तर फक्त वॉशचं काम वाया जातं. चेहरा आधी काढून ठेवला असेल तर तो वाचवण्यासाठी बिघडलेली रेघ झाकत बसाल आणि दोन्ही जातील.

रेघेची जाडी तीनच प्रकारची ठेवा: सावलीकडे जाड, उजेडाकडे बारीक, आणि उजेड थेट पडतो तिथे नाहीशी. सगळीकडे एकाच जाडीची बाह्यरेषा ओढणाऱ्यांचं चित्र कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं. फॅशन चित्रकार रेने ग्रुओच्या डिओरसाठीच्या जाहिराती बघितल्या तर काळी रेघ धीट आहे हे लगेच दिसतं. ती कुठे सोडून दिली आहे हे बघायला थोडा वेळ लागतो, शिकायचं ते तिथे.

रेघ चुकली तर तिच्या शेजारी दुसरी ओढून दुरुस्त करू नका. चूक छोटी असेल तर राहू द्या. मोठी असेल तर ट्रेसिंग पेपर अजून आहेच, तो टाकू नका म्हणायचं ते याचसाठी.

सावध: ही शाई ब्रशमध्ये वाळली की ब्रश संपला. दर पाच मिनिटांनी पाण्यात खळबळा, काम संपल्यावर साबणाने धुवा. ती फाउंटन पेनमध्ये तर कधीच भरू नका.

## टप्पा ८: चेहरा, हातमोजे, पावलं

२ नंबरचा ब्रश. भुवई एका फटकाऱ्यात, कमानदार, बाहेरच्या टोकाला निमुळती. वरच्या पापणीची जाड रेघ, बाहेर किंचित वर झटका. खालची पापणी नाही. नाकासाठी फार तर एका नाकपुडीची खूण. हॅटची कड तिरकी करून एक डोळा सावलीत घेतलात तर दोन डोळे सारखे काढण्याची डोकेदुखीच जाते. हे पळवाट वाटेल, पण त्या काळाचे चित्रकारही हेच करत.

हातमोज्यांनी हात सोपे होतात. हाताची लांबी ३ सेंमी, म्हणजे हनुवटीपासून कपाळाच्या मध्यापर्यंत. मधली दोन बोटं जोडलेली, तर्जनी आणि करंगळी किंचित सुटी, नखं नाहीत. हात सर्रास लहान काढले जातात, त्यामुळे मोजून घ्या.

उंच टाचेत समोरून पाहिलेलं पाऊल खाली लांबलेलं दिसतं, २ सेंमी उंचीचं. ते आडवं पसरवलं तर चप्पल घातल्यासारखी दिसते. शेवटी भाराच्या पावलाखाली मध्यम वॉशचा एकच आडवा फटकारा, उजवीकडे जाणारा. तो नसेल तर ती हवेत तरंगते.

सगळं वाळल्यावर ओठ आणि पट्ट्याला लाल पोस्टर कलर. घट्ट नको, दुधाहून दाट इतपत. जाड थर वाळल्यावर तडकतो, आणि दुसरा हात फिरवला तर खालचा थर विरघळून उचलला जातो. एका फटकाऱ्यात लावा आणि सोडा. लाल फक्त या दोनच जागी.

## कापड बदललं तर

- सॅटिन: उजेडाचे पट्टे रुंद आणि कडा मऊ. मध्यम वॉश ओल्यावर ओला लावा.
- लोकर: घड्या दोनच, रेघ जाड. ब्रश फडक्यावर जवळजवळ कोरडा करून आडवा ओढा, कागदाचा दाणा दिसतो.
- मखमल: उलटा नियम. मधला भाग गडद आणि बाह्यरेषेजवळ फिकट पट्टी, कारण तिथे मखमलीच्या उभ्या तंतूंवर उजेड अडतो.
- जाळी, ऑर्गन्झा: फिकट वॉशचे थर एकावर एक, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा. थर जिथे एकमेकांवर येतात तिथे आपोआप गडद.
- ठिपक्यांचं कापड: ठिपके घडीच्या पाठीवर गोल, बाजूला वळताना लंबगोल, घडीच्या खाचेत अर्धे कापलेले. सगळ्या ड्रेसवर समान अंतरावर ठिपके टाकले तर घेर क्षणात सपाट होतो. उजेडाच्या बाजूला ते विरळ होत नाहीसे होऊ द्या.

## टेप काढणं, स्कॅन, सही

टेप दुसऱ्या दिवशी काढा, चित्रापासून बाहेरच्या दिशेने, हळू. स्कॅन ३०० डीपीआयवर, पण आपोआप उजळ करण्याचा पर्याय बंद ठेवून. तो फिकट वॉश खाऊन टाकतो. मोबाइलने फोटो काढत असाल तर खिडकीच्या बाजूच्या उजेडात, थोडं लांबून झूम करून. जवळून काढला तर डोकं किंवा पावलं मोठी होतात.

एखाद्या जुन्या स्केचची सरावासाठी नक्कल केली असेल तर मूळ चित्रकाराची सही उतरवू नका आणि ती नक्कल विकू नका. भारतात कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ग्रुओ २००४ साली गेला, म्हणजे त्याची चित्रं २०६४ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. कपड्याच्या फोटोवरून स्वतः रचलेल्या चित्रावर मात्र खाली उजव्या कोपऱ्यात, कडेपासून दोन सेंमी आत, खुशाल आपली सही करा. २ नंबरच्याच ब्रशने, म्हणजे ती चित्राच्या रेघेशी जुळते.